निळ्या ओळी

माझी ताई मंगलाष्टका लिहून पोट भरते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग तिचा नंबर मागून घेतात.

शलाका डुबल हे नाव कराडात, आणि आता विटा, पाटण, इस्लामपूरपर्यंत, लग्नघरांना पाठ आहे. पतपेढीतली चांगली बसलेली नोकरी सोडून तिने 'मी फक्त लिहिणार' असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या नातेवाइकांनी तिच्यासाठी आणखी जोरात स्थळं बघायला सुरुवात केली होती. ती डगमगली नाही. निवृत्त होणाऱ्या मास्तरांची मानपत्रं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं स्वागतगीत, उसाच्या रसवंतीची जाहिरात, कुणाच्या आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची स्मरणिका, जे येईल ते तिने लिहिलं. कविता मधल्या वेळात. मधला वेळ म्हणजे भाजी निवडताना, स्कूटरवर, बँकेच्या रांगेत. ताईची कविता डोक्यातच पूर्ण व्हायची. कागदावर ती नुसती उतरवायची, तेही आठवण झाली तर.

आता तुम्ही विचाराल की यंत्रं सगळं लिहून देत असताना मंगलाष्टकांना माणूस कशाला हवा? त्याचं कारण आत्या. यंत्र वृत्तात चुकत नाही, पण नवऱ्यामुलाच्या आत्याचं नाव मामीच्या आधी घ्यायचं की नंतर, हे त्याला कळत नाही. पाटणच्या एका लग्नात यंत्राने केलेल्या मंगलाष्टकेत थोरल्या आत्याबाईंचं नावच राहिलं. अंतरपाट धरलेला असताना त्या उठून जिन्यात जाऊन बसल्या आणि अक्षता हातात घेऊन आख्खं कार्यालय त्यांची समजूत काढत राहिलं. ताई मात्र आधी दोन्ही घरी जाऊन चहा पिते, कोण कुणाशी बोलत नाही ते काढून घेते आणि मगच लेखणी उचलते. तिच्या मंगलाष्टकेत आजवर एकही आत्या रुसलेली नाही.

या सगळ्यात ती सुखी होती असं मी म्हणणार नाही. तिला कवयित्री व्हायचं होतं. नुसती कवयित्री.

तशी संधी पुण्याहून आली. तळटीप प्रकाशनाच्या संपादक वरदा केळशीकर यांनी एका दिवाळी अंकात ताईची कविता वाचली होती. त्यांनी थेट फोन केला. संग्रह काढू, पुढच्या दोन संग्रहांचा करार आताच करू, आणि दर महिन्याला इतकं मानधन देऊ की मंगलाष्टका लिहायची वेळ येऊ नये. अट एकच. प्रत्येक कवितेवर 'स्वयंभू'चा, म्हणजे माणसाने स्वतःच लिहिल्याचा, शिक्का हवा.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे हा शिक्का कसा मिळतो ते घरात समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. यंत्राचं आणि माणसाचं लिखाण नुसतं वाचून ओळखू येईनासं झालं, तेव्हा तपासणाऱ्यांनी लिखाण तपासणं सोडलं आणि लिहिणाऱ्याला तपासायला घेतलं. त्यासाठी 'साक्षी' नावाची पट्टी निघाली. कपाळावरून कानामागे जाणारी, चष्म्याच्या काडीपेक्षा थोडी जाड. ओळखीची गोष्ट आठवताना मेंदूत विजेच्या ज्या लहरी उठतात, त्या नवी गोष्ट जुळवताना उठणाऱ्या लहरींपेक्षा वेगळ्या असतात. शिवाय पट्टीत एक बारीक माइक असतो. आसपास बोललेलं तो टिपतो आणि तुम्ही लिहिलेल्या ओळीशी ताडून बघतो. मग प्रत्येक ओळीला रंग मिळतो. नवी जुळवलेली हिरवी, आठवून लिहिलेली पिवळी, ऐकलेल्यावरून आलेली निळी. कविता जवळजवळ पूर्ण हिरवी असली तरच शिक्का.

"म्हणजे आपल्यात एक लेक आणखी आली म्हणायची," तात्या म्हणाले. "शलाका, रेणुका आणि साक्षी. हिच्या लग्नाचं बघायला लागू नये म्हणजे झालं."

तात्या म्हणजे आमचे वडील, विलास डुबल. एसटी स्टँडवरच्या नियंत्रण कक्षात त्यांनी उभी नोकरी काढली. मायक्रोफोनसमोर बसून गाड्या पुकारायच्या हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण पुकारणं काही सुटलं नाही. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "उप्पीट फलाट क्रमांक दोनवर लागलेलं आहे. प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत." आंघोळीला कुणी वेळ लावला की, "कराड–बाथरूम गाडी काही कारणास्तव विलंबाने धावत आहे." आई गेल्यानंतर घर भरलेलं राहिलं ते या आवाजाने. कुठल्याही लग्नात शेवटची मंगलाष्टका तात्यांनी म्हणायची हा आमच्या भावकीतला रिवाज होता. त्यांना माइक लागत नसे.

ताईने पहिल्या पाच-सहा कविता साक्षी लावून टाइप केल्या आणि पुण्याला पाठवल्या. सगळ्या पिवळ्या आल्या. त्याच आठवड्यात सवयीने पट्टी न काढता तिने एका लग्नाच्या मंगलाष्टका लिहिल्या. त्या गर्द हिरव्या.

"वा!" मी म्हटलं. "सरकारी मोहोर बसली. अस्सल काय, तर मंगलाष्टका."

ताई हसली नाही. तिने वरदाबाईंना फोन लावला.

"तू डोक्यात करून आणतेस ना," वरदाबाई म्हणाल्या. "टाइप करताना तू आठवत असतेस. साक्षीला ते उसनं वाटतं. त्यावर उपाय आहे. दिवसभर लावून ठेव. ओळ सुचेल तिथेच पकडली जाईल."

ताई दिवसभर साक्षी लावून वावरायला लागली. भाजी आणताना, कपडे वाळत घालताना, कपाळावर पट्टी. भाजीवालीने डोकं दुखतं का म्हणून विचारलं आणि एक बामची बाटली फुकट दिली. पिवळा रंग खरंच गेला. त्याच्या जागी निळा आला.

त्याच दिवसांत तिने एक कविता केली, दोन बहिणी एका खोलीत वाढतात त्यावर. तिची शेवटची ओळ वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं: 'सरून बसलं की जागा होते.' तीच ओळ निळी. साक्षीत निळ्या ओळीवर बोट ठेवलं की कुठून आली त्याचा पुरावा ऐकू येतो. ताईने बोट ठेवलं. आमच्याच स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज, आणि त्यावर तात्या, खणखणीत: "सरून बसा, सरून बसा, जागा होतेय. रेणू, ते पातेलं सरकव की."

मग मला हसू फुटलं. ताईला नाही. तिने दुसऱ्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं. तात्या. तिसऱ्या ओळीवर तात्या. कुठे शब्द त्यांचे होते, कुठे शब्द वेगळे पण ठेका त्यांचा. 'मागे कोणी राहिलं असेल तर' ही ओळ तिने आईवर लिहिली होती. तात्या ते वाक्य रोज कुलूप लावताना म्हणायचे.

"मी इतकी वर्षं यांचंच लिहितेय," ताई म्हणाली.

"मग काय झालं? बाप आहे तो तुझा. चोरी थोडीच आहे?"

"शिक्का नाही मिळणार, रेणू."

वरदाबाई फोनवर समजुतीने बोलल्या. त्या बाई वाईट नव्हत्या, हे मी आजही सांगेन. "सगळ्यांचं होतं असं. एक लेखक तर लिहिताना बायकोला माहेरी पाठवतात. घरातलं बोलणं जरा कमी करता आलं तर बघ. पुस्तक होईपर्यंतच. नंतर आहेच की आयुष्य."

ताईने दोन दिवस काढले. मग जेवताना तिने विषय काढला. मी समोरच होते.

"तात्या, थोडे दिवस... घरात जरा कमी बोललात तर चालेल का? माझ्यासमोर."

तात्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "किती दिवस?"

"पुस्तक होईपर्यंत."

"अगं मग त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "नियंत्रण कक्ष बंद. प्रवाशांच्या होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आणि ताटावरून उठून हात धुवायला गेले. त्यानंतर ते ताईसमोर एक शब्द बोलले नाहीत. माणूस दिलेल्या शब्दाला पक्का. ताईही कानात कापसाचे बोळे घालून लिहायला बसायची, पण त्या बोळ्यांची गरज उरली नव्हती.

घर शांत झालं. भात खाली लागला तर तात्या मला खुणावायचे. पाणी गेलं की नळाकडे बोट दाखवायचे. आणि सकाळचं आवरलं की चपला घालून स्टँडवर जायचे, ते जेवायलाच परत. तिथे त्यांचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर दोस्त असायचे. घरातलं राहिलेलं सगळं बोलणं ते तिथे बोलून घ्यायचे, तेही सुरू असलेल्या गाड्यांच्या इंजिनांवर आवाज चढवून.

ताईच्या कविता हिरव्या यायला लागल्या. तळटीपच्या संकेतस्थळावर एकेक झळकू लागली, खाली सोनेरी शिक्का. लोकांच्या प्रतिक्रिया यायच्या, "अपूर्व", "न ऐकलेलं". खरंच न ऐकलेलं होतं. मी त्या पुन्हा पुन्हा वाचायचे आणि प्रामाणिकपणे सांगते, मला त्यातलं फारसं काही भिडत नव्हतं. पण मी फिजिक्सवाली. माझ्या मताला विचारतो कोण? महिन्याच्या महिन्याला मानधन यायचं, ताईने मंगलाष्टकांची कामं घेणं बंद केलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक समाधान आलं होतं. ते मोडायची माझी छाती नव्हती.

याच काळात माझं लग्न ठरलं. मुलगा विट्याचा, धैर्यशील जाधव, पाण्याच्या पंपांचं दुकान. बैठकीला सगळी बोलणी आमच्या काकांनी केली. तात्या नुसते मान डोलवत होते. ताईला वाटलं, ती समोर आहे म्हणून. मलाही तसंच वाटलं. पण बैठक संपल्यावर अंगणात, ताई आत असताना, धैर्यशीलच्या वडिलांना निरोप देताना तात्यांनी तोंड उघडलं आणि आतून नुसता खरखराट बाहेर आला, जुन्या रेडिओवर स्टेशन लागत नाही तसा.

"काय झालं आवाजाला?" मी विचारलं.

"काही नाही. दही खाल्लं," असं काहीतरी ते म्हणाले. मला अर्धंच समजलं.

मी त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं आणि मला पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर गाठ होती. गाठ साधी, जिवाला धोका नाही, बरीच वर्षं हळूहळू वाढलेली. मात्र अलीकडे कुठेतरी आवाजाला फार ताण पडला असावा, सगळं सुजलंय, असं त्या म्हणाल्या. सूज उतरेपर्यंत पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने आणखी ताण येतो. मग ऑपरेशन.

"आवाज परत येईल ना?" मी विचारलं.

"आवाज येईल. हाच येईल असं नाही सांगता येत."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर तात्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सावकाश टाइप करून माझ्यासमोर धरला. 'रजा आधीच मंजूर आहे. ताईला सांगू नको. तिचं पुस्तक होऊ दे.'

मी म्हटलं, हे बरोबर नाही. त्यांनी पुन्हा टाइप केलं. 'माझं ऐक.' जो माणूस आता काही ऐकवू शकत नव्हता त्याने असं लिहिल्यावर मी काय बोलणार? मी कबूल झाले. स्टँडवरच्या दोस्तांना कळलं, भावकीला कळलं, शेजारच्या कुलकर्णीकाकूंना कळलं. त्या रोज ज्येष्ठमधाचा काढा देऊन जायच्या. एकाच घरात राहून ताईला कळलं नाही. तात्या आधी गप्प होते आणि आताही गप्प होते. बघणाऱ्याला त्यात फरक काय दिसणार?

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा ताईने माझ्या मंगलाष्टका आणून दिल्या. तिने मोठ्या हौसेने केल्या होत्या. साक्षी लावूनच, कारण आता ताईला पट्टीशिवाय लिहायला भीती वाटायची. चार कडवी, सुंदर कागदावर. मी वाचली. नातेवाइकांची नावं सगळी जागच्या जागी, जाधवांच्या आत्याबाई मामींच्या आधी. शब्द असे की शब्दकोशाने उठून नमस्कार करावा.

"कशा झाल्यात?"

"छान आहेत," मी म्हटलं. "कुणाच्याही लग्नात चालतील."

तिचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "शेवटचं कडवं तात्यांसाठी आहे. वरच्या सुरात जातं बघ, त्यांच्या आवाजाला शोभेल असं. त्या दिवशी मी साक्षी काढून ठेवणार आहे. होऊ दे मोकळेपणाने. म्हणतील ना ते?"

इतके दिवस धरून ठेवलेलं माझ्याकडून सुटलं. "ते म्हणणार नाहीत ताई. त्यांना म्हणता येणार नाही."

"म्हणजे?"

"त्यांच्या घशात गाठ आहे. दीड महिना झाला, डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. लग्न झालं की ऑपरेशन. आख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुलाच तेवढं माहीत नाही."

ताईने हातातला कागद खाली ठेवला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं? तू बोलायला बंदी केली होतीस."

हे मी फार कडवटपणे बोलले. बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं. ताई उठून बाहेरच्या खोलीत गेली. तात्या पेपर वाचत होते. तिने त्यांच्यासमोर बसून कपाळावरची पट्टी काढली आणि टीपॉयवर ठेवली. तात्यांनी आधी पट्टीकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, आणि डोळ्यांनीच मला झापलं. मग हात हलवून ताईला 'काही नाही गं, काही नाही' अशी खूण केली. ताईने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. एरवी त्यांनी अशा वेळी काहीतरी पुकारलं असतं आणि आम्ही हसलो असतो. त्या दिवशी हसवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई साक्षीचं सगळं साठवलेलं उघडून बसली. हिरव्याकडे तिने बघितलंही नाही. सुरुवातीच्या महिन्यांतल्या निळ्या ओळी, बाद झालेल्या, तिने एकेक करून उघडल्या. प्रत्येक ओळीमागे काही सेकंदांचा पुरावा होता आणि प्रत्येक पुराव्यात तात्या. धडधाकट आवाजातले. दुधावरून गवळ्याशी हुज्जत घालणारे तात्या, मला उठवणारे तात्या, आईच्या फोटोला हार घालताना एकटेच बोलणारे तात्या. तात्या स्वतः शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मध्येच स्वतःच्याच एका वाक्याला त्यांनी मान हलवून दाद दिली.

त्यातूनच मग वरदाबाईंना फोन झाला. ताईने स्पीकर लावला होता.

"संग्रहात मला निळ्या कविता पण घ्यायच्या आहेत," ती म्हणाली. "आणि पहिल्या पानावर वडिलांचं नाव. त्यांच्या बोलण्यातून आलेल्या ओळी म्हणून."

"शलाका, मग शिक्का नाही मिळणार. आणि शिक्का नसला तर आमच्या मालिकेत ते बसत नाही. करार, मानधन, सगळंच थांबतं. पुस्तक मी काढीन, माझी हौस म्हणून काढीन. पण दुकानात ते कुठे जाईल माहीत आहे ना? यंत्रांच्या मांडणीत. यंत्रांनी लिहिलेल्या पुस्तकांमध्ये."

"जाऊ दे."

"तू स्वतः माणूस आहेस, आणि यंत्रांमध्ये बसशील?"

"थोडी सरून बसेन," ताई म्हणाली.

"निळ्या ओळी तेवढ्या काढून टाकल्या तर? एवढी वर्षं तू याच गोष्टीसाठी झटलीस."

"त्या काढल्या तर पुस्तकात मी एकटीच उरते, वरदाताई. ते पुस्तक माझं आत्ताच लिहून झालंय. चांगलं नाहीये ते."

तिने फोन ठेवला. मला वाईट वाटलं. तिने काय सोडलं हे मला माहीत होतं, आणि ते परत मिळणार नाही हेही. तात्यांनी मोबाइलवर काहीतरी टाइप करायला घेतलं. ताईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुम्ही रजेवर आहात," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी कार्यालय भरलं होतं. अंतरपाट धरला गेला. पहिली तीन कडवी काका-मामांनी म्हटली. चौथ्याच्या वेळी सगळ्या माना सवयीने तात्यांकडे वळल्या आणि मग अवघडून खाली गेल्या. तेव्हा ताई पुढे आली. तिने आयुष्यात कधी चार लोकांसमोर गायलं नव्हतं. ती लिहून द्यायची आणि मागे उभी राहायची. आवाज बेताचा, सूर त्याहून बेताचा. तिने माइक बाजूला सारला आणि सुरू केलं:

"गाडी ही निघते कराडवरुनी, थांबा विट्याचा पुढे,
मागे राहु नका कुणी पण उगा, सामान घ्या आपले,
जागा एकच ती, सरून बसणे, दोघांस ती होतसे,
तात्या सांगति हे, जपून असणे, कुर्यात् सदा मंगलम्!"

पहिल्याच ओळीला मागच्या रांगेतून स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर मोठ्याने हसले. जाधवांकडची मंडळीही हसली. तिसऱ्या ओळीला हसू थांबलं. अंतरपाटाच्या कडेवरून मला तात्या दिसत होते. त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता आणि ओठ हलत होते, शब्दन् शब्द, आवाजाशिवाय. ताई दुसऱ्या ओळीत जरा बेसूर झाली तेव्हा त्यांनी भुवई उंचावली होती, तेही मी बघितलं. मग सगळ्या कार्यालयाने 'शुभमंगल सावधान' म्हटलं आणि अक्षता पडल्या. जाधवांच्या आत्याबाईंचं नाव त्या कडव्यात नव्हतं. त्या रुसल्या नाहीत. जेवणाच्या पंगतीत त्यांनी ताईकडून ते कडवं लिहून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. ताईने मंगलाष्टकांची कामं पुन्हा घेतली. पुस्तक आलं, नाव 'सरून बसलं की', आणि ते वरदाबाई म्हणाल्या होत्या तिथेच जाऊन बसलं. कराडच्या दुकानात मी ते शोधायला गेले तर एका बाजूला यंत्राने लिहिलेलं पाककृतींचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला यंत्राने लिहिलेलं राशिभविष्य. विकलं जातंय, हळूहळू. बहुतेक लग्नघरंच घेतात, आहेरात द्यायला.

ऑपरेशननंतरचं मौन संपलं त्या दिवशी मी विट्याहून मुद्दाम आले होते. डॉक्टरांनी दिवसाला मोजकेच शब्द बोलायची परवानगी दिली होती. तात्या खुर्चीत बसले होते. ताई समोर जमिनीवर, मी सोफ्यावर. पहिला शब्द काय असेल यावर आम्ही दोघींनी पैज लावली होती. मी म्हणत होते आईचं नाव. ताई म्हणत होती 'प्रवाशांनी'.

तात्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ करायला गेले आणि डॉक्टरांनी ते नको म्हटलेलं आठवून थांबले. मग ताईकडे वळले. त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवलं.

"साक्षी...?" त्यांनी विचारलं.

आवाज बारीक होता, चिरका, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा. बोललं तर चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"नाही तात्या," ताई म्हणाली. "परत पाठवून दिली. तुम्ही बोला."

त्यांनी खात्री करून घ्यावी तसं तिच्या कपाळाकडे एकदा नीट बघितलं. मग खुर्चीत सावरून बसले.

"चहा," ते म्हणाले. दम घेतला. "फलाटावर लागू दे."

"लागतोय, लागतोय!" म्हणत ताई आत पळाली. बराच वेळ गॅस पेटल्याचा आवाज आला नाही म्हणून मी जाऊन बघितलं. ती ओट्याला टेकून, तोंडात पदर कोंबून रडत होती. चहा शेवटी मीच केला.